पंधरा वर्षांचा कॅप्टन, पहिल्या दिवसाचा फर्स्ट ऑफिसर

किंग एअर बी-२०० हे दोन टर्बोप्रॉप इंजिनांचे विमान आपल्याकडच्या राज्य सरकारांचे आणि उद्योगसमूहांचे वर्षानुवर्षे लाडके आहे. लहान धावपट्टीवर उतरते, सात-आठ माणसे नेते, फारसे रुसत नाही. उड्डाणाच्या वेळचे त्याचे कमाल वजन ५,६७० किलो. आपल्या हवाई नियमांत वैमानिकांना विभागणारी रेघ मात्र ५,७०० किलोंवर ओढलेली आहे. रेघेच्या अलीकडचे विमान सीपीएलवर, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सवर, कॅप्टन म्हणून उडवता येते. पलीकडच्यासाठी एटीपीएल, म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स लागते, आणि त्यासाठी किमान १,५०० तासांचा अनुभव. भरतीच्या जाहिरातींतही ‘५,७०० किलोंवरील विमानावर इतके तास’ अशी अट पुष्कळदा दिसते. त्यामुळे किंग एअरवर हजारो तास कॅप्टन म्हणून काढलेला माणूस एअरलाइनचा अर्ज भरायला बसतो, तेव्हा तीस किलोंनी मागे पडू शकतो.

कॉर्पोरेट वैमानिकाच्या नोकरीबदलातली गोम या तीस किलोंत आहे. तास खरे असतात, हातही बसलेला असतो, पण नवी नोकरी ते सगळे आपल्या मापाने मोजते. बाहेरच्याला वाटते, प्रश्न पगाराचा असणार. पगार दोन्हीकडे बरा असतो. अडते ते वयावर आणि रांगेतल्या क्रमांकावर.

दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडाच्या पट्ट्यात हा प्रश्न जितक्या जवळून दिसतो तितका देशात क्वचितच दुसरीकडे दिसेल. इंडिगो, एअर इंडिया आणि स्पाइसजेट या तिन्ही कंपन्यांचा कारभार गुरुग्राममधून चालतो. परवाने देणारे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, सगळ्यांच्या तोंडी डीजीसीए, सफदरजंग विमानतळासमोर आहे. सरकारी हेलिकॉप्टर कंपनी पवन हंसचे मुख्यालय नोएडात. सिम्युलेटरची केंद्रे गुरुग्राम आणि ग्रेटर नोएडात. आणि इंदिरा गांधी विमानतळावर सप्टेंबर २०२० पासून खासगी जेटसाठी वेगळे टर्मिनल आहे. म्हणजे उद्योगपतीचे विमान उडवणारा कॅप्टन आणि त्याला खुणावणारी एअरलाइन एकाच विमानतळावर, एकाच टॉवरशी बोलत असतात. टॅक्सीवेवर एअरबसच्या मागे आपले छोटे जेट घेऊन थांबलेल्याच्या मनात ‘आपण तिकडे असायला हवे होते का’ हा विचार चाळिशीनंतर येतोच येतो.

आता हा कॉर्पोरेट वैमानिक नेमका कुणाचा नोकर असतो, ते पाहू. काही विमाने खासगी वर्गात असतात. ती भाड्याने देता येत नाहीत. बाकीची एनएसओपी, म्हणजे वेळापत्रकाविना भाड्याची वाहतूक करण्याच्या परवान्यावर उडतात. देशात असे परवानाधारक शंभरावर आहेत, आणि त्यांतले कित्येक दोन-तीन विमानांचे. मोठा उद्योगसमूह पुष्कळदा विमानासाठी एक छोटी कंपनी काढतो आणि वैमानिक कागदोपत्री तिचा नोकर होतो. यामागे कराचे गणितही आहे. २००७ पासून एनएसओपीसाठी आणलेल्या विमानांना सीमाशुल्कात सूट मिळाली, अट अशी की ती भाड्याच्या वाहतुकीलाच वापरावीत. मालकाच्या समूहानेच ते विमान भाड्याने घेतले तर त्याला भाडे म्हणायचे का, यावर सीमाशुल्क खाते आणि कंपन्या वर्षानुवर्षे भांडत राहिले. त्या भांडणात वैमानिकाला कुणी विचारत नाही, पण त्याचे नियुक्तिपत्र ज्या कंपनीचे आहे तिच्याकडे त्या एका विमानापलीकडे काही मालमत्ता आहे का, हे त्याने स्वतः पाहिलेले बरे.

कामाचे स्वरूपही निराळे. एअरलाइनचा वैमानिक डिस्पॅचने तयार केलेली उड्डाण-योजना हातात घेतो. इंधन, हवामान, वजन, परवानग्या हे सगळे पाहणारे दुसरे लोक असतात. चार्टरवाल्याला यातले बरेचसे स्वतः निस्तरावे लागते. छोट्या विमानतळाच्या वेळा संपण्याआधी उतरता येईल का, तिथे इंधन मिळेल का, मिळाले तर टँकर कुठून येणार, पार्किंगला जागा आहे का, जेवणाचे डबे चढले का. रात्री अकराला फोन येतो की साहेबांना सकाळी सहाला नांदेडला जायचे आहे, तिथून दुपारी हैदराबाद. निवडणुकीच्या मोसमात तर दिवसाला चार-पाच सभांचे टप्पे. उलट कित्येकदा आठवडाभर फोन येतच नाही. एअरलाइनमध्ये वर्षाला १,००० तासांची कायदेशीर मर्यादा गाठण्याची भीती असते; कॉर्पोरेट वैमानिकाचे वर्षाचे तास साधारण तीनशे-चारशेच्या घरात राहतात.

या कामाला स्वतःचा दिमाख आहे, हेही सांगायला हवे. गल्फस्ट्रीम जी-५५० ला ५१,००० फुटांपर्यंत जाण्याची मान्यता आहे. ए-३२० चाळीस हजारांच्या खालीच थांबते. आज शिर्डी, उद्या जिनिव्हा, परवा डेहराडून हा प्रवास एअरलाइनच्या रोस्टरमध्ये नाही. नवख्या धावपट्टीवर, तुटपुंज्या हवामान-माहितीवर निर्णय घेण्याची जी सवय या लोकांना असते, ती दिल्ली-मुंबई-दिल्ली करणाऱ्याला लागत नाही. माझे मत विचाराल तर निव्वळ वैमानिकी म्हणून चांगला कॉर्पोरेट कॅप्टन हा एअरलाइनच्या सरासरी कॅप्टनपेक्षा अधिक पैलूंचा असतो. दुर्दैवाने भरती विभागाच्या तक्त्यात पैलूंचा रकाना नसतो.

या नोकरीचा कस लागतो तो ‘नाही’ म्हणण्याच्या वेळी. ज्याच्या सहीने पगार होतो, तोच मागच्या आसनावर बसलेला असतो. त्याला पुढे सभा किंवा करार आहे, आणि समोर हवामान खराब आहे. मराठी वाचकाला इथे ३० सप्टेंबर २००१ आठवेल. ग्वाल्हेरच्या मराठी राजघराण्यातले माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला दिल्लीहून एका उद्योगसमूहाच्या किंग एअर सी-९० विमानाने निघाले आणि खराब हवेत मैनपुरीजवळ विमान कोसळले. आठही जण गेले. शिंदे स्वतः नागरी विमान वाहतूक मंत्री राहिलेले. जानेवारी १९९३ मध्ये भाड्याने घेतलेले टुपोलेव्ह दिल्लीला उतरताना अपघातग्रस्त झाले, तेव्हा नैतिक जबाबदारी घेऊन त्यांनी मंत्रिपद सोडले होते. त्या दिवशी वैमानिकांवर कुणाचा दबाव होता असे मी म्हणत नाही. मात्र छोट्या विमानात, छोट्या कंपनीत, हवामानाचा निर्णय फार थोड्या खांद्यांवर येऊन पडतो. एअरलाइनमध्ये ‘आज जात नाही’ असे सांगणाऱ्यामागे एक यंत्रणा उभी असते. अनेक मध्यमवयीन वैमानिकांना एअरलाइनची ओढ वाटते ती या पाठबळासाठी, पगार नंतर येतो.

दिल्लीचे धुके हा या ‘नाही’ म्हणण्याचाच हिवाळी अवतार. दिल्लीच्या धावपट्ट्यांवर कॅट-थ्री पद्धतीची सोय आहे. धावपट्टीवर ५० मीटर दिसत असले तरी तयारीचे विमान उतरू शकते. पण त्यासाठी विमान, कंपनी आणि वैमानिक तिघांनाही मान्यता लागते. बहुतेक बिझनेस जेट कॅट-वनवर चालतात, म्हणजे साधारण ५५० मीटर दृश्यता हवी. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे एअरबस उतरत असते आणि कोट्यवधींचे जेट जयपूरला तोंड वळवते. मालकाला हे समजावून सांगणे हा कॉर्पोरेट कॅप्टनच्या कामाचा अलिखित भाग.

मालकाचे दिवस फिरले की काय होते, याचे उदाहरण मुंबईकरांनी विमानतळाच्या कडेला उभे असलेले पाहिले. विजय मल्ल्यांचे व्हीटी-व्हीजेएम हे खासगी ए-३१९ सेवाकराच्या थकबाकीपोटी जप्त झाले, लिलाव पुन्हा पुन्हा फसले, आणि अखेर २०१८ मध्ये ३४.८ कोटींना विकले गेले. एकेकाळी त्या विमानावर काम मिळणे भाग्याचे मानत असतील. मात्र एअरलाइन म्हणजे सुरक्षितता असे समजणाऱ्यांनी किंगफिशर (ऑक्टोबर २०१२), जेट एअरवेज (एप्रिल २०१९) आणि गो फर्स्ट (मे २०२३) ही बंद पडलेल्या कंपन्यांची यादीही समोर ठेवावी. जेट १९९३ पासून उडत होती. तिथली वीस-वीस वर्षांची ज्येष्ठता एका रात्रीत शून्य झाली.

ज्येष्ठता म्हणजेच सीनिऑरिटी हा एअरलाइनच्या नोकरीचा कणा आहे. तुम्ही ज्या दिवशी रुजू होता, त्या दिवशी यादीत तुमचा क्रमांक पडतो. कॅप्टन कधी होणार, मोठ्या विमानावर कधी जाणार, दिल्लीचा बेस मिळणार की कोलकात्याचा, दिवाळीत सुट्टी कुणाला, हे बव्हंशी त्या क्रमांकावर ठरते. त्यात आधीच्या नोकरीतली वर्षे मिळवता येत नाहीत. फाल्कन किंवा चॅलेंजर या बिझनेस जेटवर पंधरा वर्षे कॅप्टन असलेला माणूस रुजू होतो तो ‘नॉन-टाइप रेटेड’ म्हणून, आणि सहसा उजव्या आसनावर, फर्स्ट ऑफिसर होऊन. प्रत्येक जेट विमानाचे वेगळे टाइप रेटिंग असते. ए-३२० चे नसेल तर वर्गात बसून, सिम्युलेटर करून, मग प्रत्यक्ष मार्गांवर प्रशिक्षकासोबत उडून ते मिळवायचे. डाव्या आसनावर अनेकदा त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान कॅप्टन असतो, ज्याला हा ‘सर’ म्हणतो. काहींना हे सहज जमते, काहींना अजिबात नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी ते अर्ज करण्याआधी ओळखावे. सिम्युलेटरमध्ये ओळखले तर उशीर झालेला असतो.

मग एअरलाइन त्यांना घेते कशाला? आकडे पाहिले की कोडे सुटते. डीजीसीएने २०२३ मध्ये १,६२२ सीपीएल दिली, तोवरचा विक्रम. बारामती, गोंदिया, अमेठीपासून परदेशापर्यंत शिकून आलेली ही मुले दोनशे तासांची शिदोरी घेऊन दारात उभी आहेत. कित्येकांना वर्षानुवर्षे नोकरी नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी जाहीर केली आणि जूनमध्ये इंडिगोने ५०० ची. तुटवडा आहे तो कॅप्टनचा, आणि कॅप्टन दोनशे तासांत तयार होत नाही. चार-पाच हजार तासांचा कॉर्पोरेट वैमानिक घेतला तर त्याला डाव्या आसनापर्यंत पोचवायला नवख्यापेक्षा कमी काळ लागतो. कंपनीच्या दृष्टीने तो झटपट घडणारा कॅप्टन आहे. वाटाघाटी करताना हे ध्यानात ठेवले तर मान खाली घालून बसावे लागत नाही.

वैमानिकांच्या मागणीला गेल्या काही वर्षांत नियमांनीही धक्का दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याला निघालेल्या विमानाचा ४० वर्षांचा कॅप्टन बोर्डिंग गेटजवळ कोसळून मरण पावला. त्याला नियमानुसार विश्रांती मिळाली होती, असे त्याच्या कंपनीने सांगितले. पण वैमानिकांच्या थकव्याची चर्चा त्यानंतर थांबली नाही. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने कामाच्या तासांचे नवे नियम काढले: आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत, आणि रात्रीच्या पाळीत सहाऐवजी दोनच लँडिंग. कंपन्यांची कुरकुर आणि न्यायालयाच्या फेऱ्या होऊन ते १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोचे वेळापत्रक कोलमडले. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली आणि सरकारला तात्पुरती सवलत द्यावी लागली. प्रवाशांनी मनस्ताप पाहिला. नोकरी शोधणाऱ्या वैमानिकाने त्यात दुसरी गोष्ट वाचली: नियम पाळायचे तर माणसे वाढवावी लागणार. हे नवे नियम वेळापत्रकी एअरलाइनसाठी आहेत. रात्री अकराच्या फोनवाल्यांना ते लागू नाहीत.

आता वयाचे गणित. व्यावसायिक वाहतुकीत दोन वैमानिकांच्या विमानावर ६५ पर्यंत उडता येते. ४२ व्या वर्षी एअरलाइनमध्ये गेलेला आणि चार-पाच वर्षांत कमांड, म्हणजे कॅप्टनपद, मिळालेला माणूस पुढे अठराएक वर्षे कॅप्टन राहतो. ५३ व्या वर्षी गेलेल्याला कमांड मिळेपर्यंत अठ्ठावन्न उजाडते, आणि सात वर्षे उरतात. त्यातही क्लास-वन वैद्यकीय तपासणी आहे. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार साठीनंतर ती दर सहा महिन्यांनी होते. रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख यांपैकी काहीही वाकडे निघाले की ‘टेम्पररी अनफिट’ चा शिक्का. कॉर्पोरेट मालक जुन्या कॅप्टनला दोन-तीन महिने सांभाळून घेतो, असे पुष्कळदा होते. एअरलाइनमध्ये उत्पन्नाचा मोठा भाग उडालेल्या तासांशी जोडलेला असतो. २०२३ मध्ये एअर इंडियाच्या नव्या वेतनरचनेत हमीचे तास, म्हणजे कमी उडाले तरी ज्यांचे पैसे मिळतात ते, पूर्वीच्या ७० ऐवजी ४० झाले, तेव्हा वैमानिकांनी जो विरोध केला तो याचसाठी. मार्च ते मे २०२० या दोन महिन्यांत देशांतर्गत उड्डाणे बंद होती, तेव्हा ‘तासाला इतके’ या हिशेबाचा अर्थ घराघरांत कळला. म्हणून परवाना गमावल्याचा विमा, म्हणजे लॉस ऑफ लायसन्स कव्हर, कोण भरते आणि किती रकमेचे, हे नियुक्तिपत्रात पगाराच्याही आधी वाचावे.

आत शिरण्यापेक्षा बाहेर पडणे कठीण, ही या क्षेत्राची आणखी एक खोड. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार एअरलाइनच्या कॅप्टनला राजीनाम्याची सूचना बारा महिने आधी द्यावी लागते, फर्स्ट ऑफिसरला सहा महिने. कारण देतात ते प्रवाशांच्या हिताचे. वैमानिक संघटना त्याला वेठबिगारी म्हणतात. २०२३ मध्ये आकासा एअरमधून ४३ वैमानिक सूचनेचा काळ पुरा न करता गेले, तेव्हा कंपनी दिल्ली आणि मुंबई उच्च न्यायालयांत धावली. टाइप रेटिंगचा खर्च कंपनीने केला असेल तर बाँड वेगळाच. ‘आपल्या कायद्यात बाँड टिकत नाहीत’ ही क्रू-रूममधली समजूत आता सोडावी. करार कायद्याच्या कलम २७ चा आधार देऊन ती सांगितली जाते, पण २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षे नोकरी किंवा दोन लाख रुपये हा बाँड वैध धरला. रक्कम वाजवी हवी, एवढेच.

दुसऱ्या बाजूने दिलासाही दिल्लीतूनच आला. पगार थकलेल्या वैमानिकांना ‘तुम्ही व्यवस्थापक, कामगार न्यायालयात येऊ नका’ असे सांगण्याची छोट्या कंपन्यांची जुनी रीत होती. किंग एअरवेज या कंपनीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले, की वैमानिक हा जुन्या औद्योगिक विवाद कायद्याखाली ‘कामगार’ ठरतो. लाखांत पगार घेणाऱ्याला कामगार म्हणवून घेणे रुचत नसेल, पण थकबाकी वसूल करताना हा शब्द उपयोगी पडतो.

एअरलाइन हा एकच रस्ता नाही. अनुभवी माणसाला प्रशिक्षक किंवा परीक्षक होता येते. डीजीसीए कंत्राटावर फ्लाइट ऑपरेशन्स इन्स्पेक्टर नेमते. एनएसओपी कंपन्यांना सुरक्षा-प्रमुख आणि ऑपरेशन्स-प्रमुख लागतातच. बऱ्याच बिझनेस जेटचे सिम्युलेटर भारतात नसल्याने वैमानिकांना ठरावीक काळाने परदेशी जावे लागते, आणि त्यामुळे त्या प्रकारांवरचा भारतीय परीक्षक दुर्मीळ. पन्नाशीच्या कॉर्पोरेट कॅप्टनची किंमत खरी वाढते ती इथे. एअरलाइनच्या रांगेत तो शेवटचा असतो, आपल्या प्रकारच्या विमानावर मात्र देशातल्या मोजक्यांपैकी एक.

म्हणून माझा सल्ला असा. पंचेचाळिशीच्या आत असाल, प्रकृती ठीक असेल, एटीपीएल हातात असेल आणि चार वर्षे उजव्या आसनावर बसायची तयारी असेल, तर एअरलाइनमध्ये जा, आणि लवकर जा. प्रत्येक महिन्याला यादीत माणसे तुमच्या पुढे जात आहेत. जाण्याआधी बेस, बाँडची रक्कम, कमांडची अट आणि हमीचे तास लेखी घ्या. तोंडी आश्वासन देणारा भरती अधिकारी दोन वर्षांनी त्याच कंपनीत असेल असे नाही. पंचेचाळीस ते पन्नास या पट्ट्यात निर्णय घरच्यांसोबत, गृहकर्जाचे हप्ते आणि मुलांच्या शिक्षणाची वर्षे मांडून घ्यावा. पन्नाशी ओलांडली असेल तर मालक बदला, विमान बदला, परीक्षक व्हा. एअरलाइनच्या रांगेत जाऊ नका.